धाराशिव जिल्ह्यातील निवाऱ्याचा प्रश्न आणि लोकसंस्थांचे कार्य

१. विषयप्रवेश

‘बेघर’ हा शब्द उच्चारताच सामान्यतः महानगरातील पदपथ, रेल्वेचे फलाट आणि उड्डाणपुलांखालील संसार डोळ्यांसमोर उभे राहतात. निवाऱ्याच्या प्रश्नावरील अभ्यासही बहुधा मुंबई, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांभोवतीच फिरत राहिला आहे. त्यामुळे ग्रामीण भागात हा प्रश्न नाहीच, असा एक समज नकळत रूढ झाला. धाराशिव जिल्हा हा समज तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा सर्वस्वी कृषिप्रधान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती, आणि जिल्ह्याच्या मुख्य नगराची लोकसंख्या एक लक्षाहून थोडीच अधिक होती. येथे पदपथांवरील वस्त्या नाहीत. परंतु घर गमावलेली, घर कधीच न लाभलेली आणि वर्षातील निम्मा काळ घराबाहेर काढणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत.

जनगणनेच्या दृष्टीने जे कुटुंब कोणत्याही इमारतीत किंवा गणनेत धरलेल्या घरात राहत नसून उघड्यावर, रस्त्याच्या कडेस, देवळाच्या ओवरीत वा तत्सम ठिकाणी राहते ते बेघर होय. अशा कुटुंबांची गणना २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत उरकण्यात आली. ही व्याख्या सोयीची आहे. परंतु ती एका रात्रीची अवस्था मोजते, त्या अवस्थेचे कारण मोजत नाही. कारणांचा विचार केल्यास या जिल्ह्यात निराश्रयतेचे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात : आपत्तीमुळे ओढवलेली आकस्मिक निराश्रयता, भटक्या व विमुक्त जमातींच्या वाट्यास आलेली वंशपरंपरागत निराश्रयता आणि ऊसतोडणीसारख्या स्थलांतरामुळे निर्माण होणारी हंगामी निराश्रयता.

या तिन्ही प्रकारांच्या निवारणार्थ शासनाबरोबरच काही लोकसंस्थांनी दीर्घकाळ कार्य केले आहे. प्रस्तुत लेखात त्या कार्याचे स्वरूप, त्यामागील विचार आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन करावयाचे आहे. या संस्थांनी प्रत्यक्ष बांधलेल्या घरांची संख्या हा येथील मुख्य विषय नव्हे. घर मिळण्यास पात्र कोण, हे कोणी आणि कोणत्या कागदाच्या आधारे ठरवावयाचे, या प्रश्नावर त्यांनी जो आग्रह धरला तो अधिक महत्त्वाचा आहे.

२. १९९३ चा भूकंप आणि पुनर्वसनाची चौकट

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर, ही गावे या आपत्तीची प्रतीके ठरली. अधिकृत गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. अन्य अंदाज याहूनही मोठे आहेत. भूकंपाची तीव्रता मध्यम, म्हणजे ६.२ च्या आसपास असताना एवढी हानी का व्हावी, याचे उत्तर घरांच्या रचनेत होते. या भागातील घरांच्या भिंती गोलसर दगड मातीत रचून दोन-अडीच फूट जाडीच्या केलेल्या असत. आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंतविणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड त्यांत क्वचितच घातलेले असत. शिवाय माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत जात. धक्का बसताच भिंती दुभंगल्या आणि तो भार खाली आला. अनेक घरांतील लाकडी खणांचा सांगाडा मात्र तसाच उभा राहिला, ही गोष्ट पाहणाऱ्या अभियंत्यांनी नोंदविली आहे.

यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ हाती घेण्यात आला. त्यात गावांची तीन वर्गांत विभागणी केली होती. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची, काही गावे जागच्या जागी पुन्हा बांधावयाची आणि ज्यांची हानी तुलनेने कमी होती अशा शेकडो गावांतील सुमारे दोन लक्ष घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे, अशी ही योजना होती. पहिल्या वर्गात देशातील अनेक दानशूर संस्थांनी गावे दत्तक घेतली. घरे ठेकेदारांनी बांधली व ती लाभधारकांच्या स्वाधीन करण्यात आली.

घराचे क्षेत्रफळ ठरविताना जमीनधारणेचा निकष लावण्यात आला. भूमिहीन व एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांस ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. या निकषामागे व्यावहारिक तर्क होता. शेतकऱ्यास जनावरे, औते व धान्य यांसाठी जागा लागते, हे कोणी नाकारणार नाही. तथापि त्याचा सामाजिक परिणाम असा झाला की भूकंपाने सर्वांस एका पातळीवर आणले असताना पुनर्वसनाने जुनी उतरंड चौरस फुटांत पुन्हा आखून दिली. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचा निवारा सर्वांत लहान, हे तत्त्व नकळत प्रस्थापित झाले.

नव्या गावठाणांची आखणी काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांची होती. जुन्या गावात भाऊबंदांच्या गल्ल्या, ओटे आणि वाड्यांची दाटी होती. नव्या गावाचा विस्तार जुन्या गावाच्या कित्येक पटींनी वाढला. वृद्धांस शेजार तुटल्याचे दुःख झाले आणि स्त्रियांस पाण्यासाठी व सरपणासाठी चालावे लागणारे अंतर वाढले. पुढील काळात काही ठिकाणी नव्या पक्क्या घरात धान्य व सामान ठेवून राहण्यासाठी शेजारी पत्र्याची वा कुडाची खोली उभारल्याचे दिसून आले. घर देणे आणि निवारा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा येथे मिळाला.

३. मुंबईच्या पदपथावरून मराठवाड्याच्या गावात

पुनर्वसनाच्या तिसऱ्या वर्गात, म्हणजे दुरुस्ती व मजबुतीकरणात, जो निराळा प्रयोग झाला त्याची मुळे मुंबईत आहेत. १९८१ मध्ये तत्कालीन राज्य शासनाने मुंबईतील पदपथवासीयांस हटविण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी ‘ओल्गा टेलिस’ खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु योग्य सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही प्रशासनास दिली.

याच सुमारास, १९८४ मध्ये, शीला पटेल, प्रेमा गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली. तिने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. त्या अहवालाचे शीर्षकच मुळी ‘आपण अदृश्य आहोत’ अशा आशयाचे होते. ज्यांची कोठेच नोंद नाही त्यांनी प्रथम स्वतःची गणना करावी व ती शासनापुढे ठेवावी, हे या कार्यपद्धतीचे सूत्र होते. जोकिन अर्पुथम यांनी १९७४ मध्ये उभारलेला राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघ आणि पदपथावरील स्त्रियांचे ‘महिला मिलन’ हे या कार्यात स्पार्कचे सहकारी झाले.

प्रेमा गोपालन यांनी चालविलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हेच सूत्र भूकंपग्रस्त भागात आणले. शासनाने दुरुस्ती कार्यक्रमातील लोकसहभागाची जबाबदारी या संस्थेकडे सोपविली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत हे कार्य पसरले. प्रत्येक गावात स्थानिक स्त्रियांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. कोणत्या घरास किती साह्य मंजूर झाले आहे, पुढील हप्ता कोणत्या टप्प्यानंतर मिळावयाचा आहे, अभियंत्याने कोणते काम करावयास सांगितले आहे, ही माहिती घरोघरी पोहोचविणे आणि घरमालकाची अडचण कार्यालयापर्यंत नेणे हे त्यांचे काम होते.

वरवर पाहता हे काम किरकोळ भासते. वस्तुतः ते तसे नव्हते. साह्याची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळत असल्यामुळे माहितीचा अभाव म्हणजेच हप्त्याचा अभाव. घराच्या मजबुतीकरणाचे तंत्रही समजावून द्यावे लागे. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, भिंतीत आरपार बंध घालणे, भिंतींवरून सलग पट्टा फिरविणे, लाकडी खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार देणे या गोष्टी खर्चिक नव्हत्या. पण दगडमातीच्या घराविषयी लोकांच्या मनात एवढी धास्ती बसली होती की दगडाऐवजी विटा व सिमेंट वापरलेली एकच खोली बांधावी आणि जुने घर सोडून द्यावे, अशी प्रवृत्ती बळावली. या भीतीवर उपाय म्हणून गावातच नमुन्याची कामे करून दाखवावी लागली. बांधकामाच्या जागी उभे राहून सिमेंटचे प्रमाण विचारणारी, विटांवर पाणी मारले की नाही हे पाहणारी स्त्री गावाने प्रथमच पाहिली.

या प्रयोगाचे फलित केवळ दुरुस्त झालेल्या घरांत मोजता येणार नाही. कार्यक्रम संपल्यावर या स्त्रियांच्या मंडळांनी बचतगट, पाणीपुरवठा व आरोग्य या विषयांत काम चालू ठेवले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील स्त्रिया तेथील आपद्ग्रस्तांस आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही संस्थेने ही पद्धती नेली. ज्यांस एकेकाळी केवळ लाभधारक मानले गेले त्या पुनर्वसनाच्या जाणकार म्हणून अन्य प्रांतांत गेल्या, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

४. बिऱ्हाड पाठीवर : भटके व विमुक्त

भूकंपग्रस्ताचे घर पडले, म्हणजे ते पूर्वी होते, आणि त्याचा पुरावाही कोठे ना कोठे होता. पारधी, डोंबारी, मसणजोगी, घिसाडी इत्यादी समाजांची स्थिती याहून भिन्न आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. शेजारच्या सोलापुरात ब्रिटिश अमदानीत अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या भागातील बोलीत अद्याप टिकून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कुंपण निघाले, परंतु त्याच्या जागी गावठाण मिळाले नाही. राज्याचा १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा तर उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत आणतो. त्यामुळे ज्यांची उपजीविकाच फिरस्तीवर अवलंबून होती त्यांच्या माथी संशय कायमचा राहिला.

या समाजांची व्यथा मराठी वाचकांपुढे प्रथम साहित्यातून आली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने या दृष्टीने महत्त्वाची आहेत. संघटनेच्या पातळीवर सोलापूर परिसरात बाळकृष्ण रेणके यांनी दीर्घकाळ कार्य केले. पुढे केंद्र शासनाने २००६ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये त्या आयोगाने अहवाल सादर केला. या समाजांतील बहुसंख्य लोक भूमिहीन व कागदपत्रांवाचून आहेत, हे त्या अहवालाने अधिकृतपणे पुढे आणले.

धाराशिव जिल्ह्यात या क्षेत्रातील उल्लेखनीय प्रयत्न तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे झाला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारपरिवारातून पुढे आलेल्या भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानाने गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने १९९३ च्या सुमारास येथे पारधी व अन्य जमातींतील मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. प्रभुणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री किताब देण्यात आला. वसतिगृहापासून आरंभ करण्यामागील विचार समजून घेतला पाहिजे. पालावर राहणारे कुटुंब आज एका गावाच्या माळावर, तर महिन्याने दुसऱ्या गावच्या शिवारात असते. मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढणे हा अशा कुटुंबाच्या जीवनातील पहिला स्थिर पत्ता ठरतो. जन्मतारीख, जात आणि गाव यांची नोंद प्रथम तेथे होते, आणि पुढे जातीचा दाखला, शिधापत्रिका, मतदारयादी ही साखळी त्यापासून सुरू होते. वसतिगृहाने पालकांस घर मिळत नाही हे खरे. पण घर मागण्याचा आधार मात्र निर्माण होतो.

या पद्धतीवर एक आक्षेप घेता येतो. मूल शाळेत स्थिरावले आणि पालक पालावरच राहिले, तर कुटुंब दोन जगांत विभागले जाते. म्हणून शिक्षणाच्या जोडीस वसाहतीचा प्रश्न सोडविणे अपरिहार्य ठरते. राज्य शासनाची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना या हेतूनेच आखली गेली. तीत प्रत्येक कुटुंबास पाच गुंठे जमीन व २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद होती. योजनेची कल्पना उत्तम होती. मात्र तिची सारी भिस्त गावाने जागा देण्यावर होती, आणि गाव जेथे पाल फार दिवस टिकू देत नाही तेथे वसाहतीस जागा सहजासहजी देत नाही.

५. गायरानाचा प्रश्न

यामुळे निवाऱ्याचा प्रश्न शेवटी जमिनीच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. मराठवाड्यातील भूमिहीनांच्या दृष्टीने जमीन म्हणजे मुख्यतः गायरान. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. ही परंपरा बीड जिल्ह्यातील एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात पुढे चालविली. दलित व पारधी कुटुंबांनी कसलेल्या गायरानांची नोंद त्यांच्या नावे व्हावी, हा तिचा प्रमुख आग्रह होता. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. त्यासाठी पुरावा आवश्यक होता. म्हणून दंडाची पावती, पंचनामा, तलाठ्याचा शेरा अशी कागदपत्रे जपून ठेवण्यास कार्यकर्त्यांनी लोकांस शिकविले. शिक्षा म्हणून मिळालेली पावतीच हक्काचा पुरावा ठरावी, हा यातील विलक्षण भाग होय.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी ‘जगपाल सिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती व जमाती यांस शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालात आहे. परंतु हा अपवाद ज्याच्या हाती पट्टा आहे त्यासच उपयोगी पडतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर नोंद नसलेल्या कुटुंबांस या भेदाचे गांभीर्य नव्याने जाणवले. सामायिक जमिनीचे रक्षण आणि निराश्रितांचे रक्षण ही दोन्ही ध्येये न्याय्य असून ती परस्परांविरुद्ध उभी राहू शकतात, हे येथे दिसते.

६. हंगामी स्थलांतर आणि शासकीय यादी

ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबाचे गावात घर असते. पण दिवाळीच्या सुमारास त्यास कुलूप लागते आणि पुढील पाच-सहा महिने ते कुटुंब कारखान्याच्या परिसरात कोपीत राहते. बांबू, पाचट व ताडपत्री यांची ही कोपी जनगणनेच्या रात्री कोणत्या सदरात बसवावी, हा प्रश्न सोपा नाही. २८ फेब्रुवारी हा दिवस गळीत हंगामाच्या ऐन भरात येतो.

याद्यांची ही मर्यादा घरकुल योजनांतही प्रत्ययास येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने लाभधारकांची निवड २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेच्या आधारे केली. जो त्या वेळी गावात नव्हता, किंवा गावाने ज्यास आपला मानला नाही, त्याचे नाव यादीत येणे कठीण होते. म्हणूनच पुढे पूरक पाहणी करावी लागली. यादीत नाव असूनही जागा नसलेल्यांसाठी राज्य शासनाने जागाखरेदीस साह्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आणली. आरंभी हे साह्य ५० हजार रुपयांपर्यंत होते. या तरतुदींचा लाभ मिळवून देण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडणे, वगळलेल्या नावांचे अर्ज करणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे संस्थांचे नित्याचे काम झाले आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. स्वयं शिक्षण प्रयोग, भटके विमुक्त विकास प्रतिष्ठान आणि मानवी हक्क अभियान या संस्थांच्या विचारसरणी एकमेकींपासून फार दूर आहेत. एकीचा भर स्त्रियांच्या सहभागावर, दुसरीचा शिक्षण व समरसतेवर, तिसरीचा हक्काच्या संघर्षावर. तरीही तिघींचा प्रारंभबिंदू एकच आहे : ज्याची नोंद नाही त्याची नोंद घडवून आणणे. भायखळ्याच्या पदपथावरील गणना, संवाद सहायकांनी घरोघर नेलेली हप्त्यांची माहिती, यमगरवाडीच्या शाळेचा पट आणि गायरानाच्या दंडाची पावती ही एकाच प्रयत्नाची चार रूपे होत.

त्याचबरोबर या मार्गाची मर्यादाही ओळखली पाहिजे. नोंद हे साधन आहे. ते साध्य मानले गेल्यास संस्थांचे सारे बळ कागद मिळविण्यातच खर्च होते. शिवाय कागदाच्या आधारे हक्क देणारी व्यवस्था कागद नसलेल्यास अधिकच दूर लोटते, हे गायरानाच्या उदाहरणाने दाखविले आहे. २५० चौरस फुटांचे घर ज्यास मिळाले तो भूमिहीन यादीत होता, हे खरे. पण यादीनेच त्याची पायरीही निश्चित केली.

म्हणून या जिल्ह्यातील निवाऱ्याच्या अभ्यासात किती घरे बांधली गेली या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : यादी कोणी केली, आणि ती होत असताना बेघर माणूस कोठे होता? तुळजापूर येथे १९८६ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. पुनर्वसित गावांत आता भूकंपानंतर जन्मलेली पिढी संसार करीत आहे. जुन्या गावांचे भग्नावशेषही काही ठिकाणी अद्याप उभे आहेत. अभ्यासकास आवश्यक असलेले सारे साहित्य अशा रीतीने येथे एकत्र आले आहे. एका घरातून विभक्त झालेल्या दोन भावांच्या कुटुंबांचा, गायरानावर तीन पिढ्या काढलेल्या वस्तीचा आणि पालावरून शाळेत व शाळेतून पुन्हा पालावर गेलेल्या मुलांचा तौलनिक अभ्यास येथे करता येण्यासारखा आहे. असा अभ्यास झाल्यास निवाऱ्याच्या प्रश्नाचे ग्रामीण स्वरूप स्पष्ट होईल, आणि पुढील यादी तयार होताना कोणाचे नाव सुटण्याचा संभव आहे हे आधीच सांगता येईल.